समता मॅडमचं काम कोणी घ्यायचं

समता डोंगरदिवे आमच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. मी मराठी शिकवते. ती माझ्यानंतर नोकरीला लागली, वयाने माझ्याहून लहान आहे, दिसायला माझ्याहून काही फार उजवी नाही. तरी साखरखेर्ड्याच्या बाजारात आम्ही दोघी सोबत निघालो की पोरं सायकली थांबवून आधी तिला नमस्कार करतात आणि मग, बाजूला उभीच आहे म्हणून, मला. हा उरलेला नमस्कार मी गेली कित्येक वर्षं घेते आहे. स्टाफरूममध्ये कोणी म्हणतं, लहाने मॅडमचं, म्हणजे माझं, आणि समता मॅडमचं पटत नाही. कोणी म्हणतं, दोघींत स्पर्धा आहे. तसं काही नाही. मला तिचा हेवा वाटतो. मराठीची बाई आहे मी, शब्द तरी नेमका वापरावा.

समता बुटकी आहे आणि चालते मात्र भराभर. सकाळी स्कूटी लावली की हेल्मेट डोक्यावरच ठेवून कोणाशी तरी बोलत उभी राहते, मग कोणीतरी सांगतं तेव्हा काढते. हाताला खडू, पदराला खडू, एकदा तर कानामागे खडू खोचून ती संस्थेच्या सभेला जाऊन बसली होती. तिचा आवाज तीन वर्गांपलीकडे जातो. आणि तो आवाज वर्गातही घरच्यासारखाच बोलतो. "काऊन बे, रात्री झोपला नाही का? ये इकडे फळ्यापाशी." मी दिवसभर पोरांना 'मले नाही, मला म्हणा' असं सांगून घसा कोरडा करायचा आणि पुढच्या तासाला हिने येऊन त्यावर पाणी फिरवायचं. मी मुख्याध्यापकांकडे एकदा तक्रारही केली. ते म्हणाले, "मॅडम, तिचा गणिताचा निकाल पाहिला का?" पाहिला होता. म्हणून तर तक्रार केली होती.

ती मूळची पिंपळगाव राजाची. वडील इंद्रभान विहिरी खोदायचे. सुरुंग लावायचा, दगड फोडायचा, गाळ वर काढायचा, पाणी लागलं की दुसऱ्याच्या शेतात दुसरी विहीर. आई जनकाबाई निंदायला जायची. समताला पोहायला बापानेच शिकवलं, पण त्याची एक गंमत आहे. इंद्रभानने खोदलेल्या विहिरी गावाभोवती पुष्कळ होत्या आणि त्यात इंद्रभानच्या पोरीला उतरू देणारे मालक दोनच होते. ती हे सांगते तेव्हा हसत सांगते. "मंग काय, त्या दोन विहिरींचे मासे मले नावानं ओळखायचे!" पुढे खामगावला वसतिगृहात राहून ती बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, तुटपुंज्या मानधनावर शिक्षण सेवक म्हणून राबली आणि परीक्षा देऊन, जाहिरात पाहून आमच्या शाळेत लागली. हे सगळं मला माहीत आहे, कारण ती डबा खाताना कोणी न विचारता सांगत असते. त्यात रडगाणं नसतं, बढाईही नसते. थोडी बढाई असती तर मला बरं वाटलं असतं.

माझी हकीकत फार छोटी आहे. मी चिखलीची, एम.ए. पहिल्या वर्गात. लग्न होऊन वामनराव लहान्यांच्या घरात सून म्हणून आले. मामाजींची जमीन मोठी, गावात शब्द मोठा आणि संस्थेच्या कार्यकारिणीत खुर्ची. शाळेत मराठीची जागा निघाली तेव्हा मी रीतसर अर्ज केला, रीतसर मुलाखत दिली. माझी पदवी खरी, माझे मार्क खरे. पण मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक जण संध्याकाळी आमच्याच ओट्यावर बसून मी केलेला चहा प्यायला, ही गोष्टही खरीच. तेव्हापासून गावाला मी 'वामनरावांची सून' आहे. समताला कोणी कोणाची सून म्हणत नाही. तिला सासरे होते, पण ते कोणाला आठवतही नाहीत.

तिचा छंद विहिरीत पोहण्याचा. शेंदुर्जनच्या रस्त्याला तिच्या नवऱ्याचं, प्रसेनजितचं, शेत आहे. दर रविवारी ही बाई पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला आवळून, काठावरून सरळ विहिरीत उडी मारते. नंतर नंतर तिने शाळेच्या पोरीही न्यायला सुरुवात केली. पाठीला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधायचा आणि द्यायचं ढकलून. सुरुवातीला आयांनी आरडाओरडा केला. मग बैलपोळ्याला नाल्यावर एक पोरगी वाहत्या पाण्यातून आपली आपण बाहेर आली, तेव्हापासून आयाच पोरींना स्कूटीवर बसवून देऊ लागल्या.

त्या पोरींत माझी मुलगी प्रेरणाही आहे, हे मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं. वच्छलाबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोरगी रविवारची मैत्रिणीकडे जाते म्हणते ना, ती त्या डोंगरदिवे मॅडमच्या विहिरीवर जाते. त्यायच्या विहिरीवर." त्या 'त्यायच्या'वर त्या जेवढं थांबल्या, त्यात काय होतं ते मला कळलं. मी त्यांना म्हटलं, "विहीर पाण्याची आहे, आत्याबाई. पाणी कोणाचं ते तुम्ही मला विचारू नका." त्यांचं तोंड मी बंद केलं, पण रागावले मीही होते. माझा राग त्यांच्यासारखा नव्हता आणि त्यांच्या रागात माझा मिसळू देणार नव्हते. माझा राग एवढाच की माझ्या पोरीला पाण्यावर तरंगायला दुसऱ्या बाईने शिकवलं, आणि ते मला सांगावंसंही पोरीला वाटलं नाही.

प्रेरणा या वर्षी दहावीला. आमच्याच शाळेत, आणि तिची वर्गशिक्षिका समताच. आता शिक्षक दिनाचं सांगते, कारण माझा सगळा जीव त्यात अडकला होता.

पाच सप्टेंबरला शाळा दहावीची पोरं चालवतात. मुख्याध्यापकापासून शिपायापर्यंत प्रत्येकाचं काम एक विद्यार्थी घेतो. 'काम घेणं' हा आमच्याकडचा शब्द, नाटकातल्यासारखा. ज्या शिक्षकाचं काम घ्यायचं त्याचं नाव पोरं आठवडाभर आधी वर्गशिक्षकाला गुपचूप सांगतात आणि त्या दिवशी परिपाठाला सगळ्यांसमोर जाहीर करतात. मुली साड्या नेसून येतात, मुलं बापाच्या पँटी दुमडून घालतात. आणि आमच्या मुख्याध्यापकांनी पाडलेली एक पद्धत अशी की त्या दिवशी खऱ्या शिक्षकांनी मागच्या बाकावर बसून शिकायचं. कोणत्या वर्गात बसायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

दरवर्षी समताच्या कामासाठी एवढी भांडणं होतात की चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. माझं काम दरवर्षी उरतं. शेवटी वर्गशिक्षक एखाद्या उंच, शांत मुलीला म्हणतात, "तू घे गं मराठी." ती बिचारी येते, पुस्तकातून वाचते, जाते. मी मागच्या बाकावर बसून स्वतःला बघत असते आणि बघावंसं वाटत नाही.

पण या वर्षी दहावीत माझी पोरगी होती. तिने माझं काम घेतलं की विषयच संपला. निदान एका वर्षी तरी कोणीतरी स्वतःहून, तोंड उघडून माझं नाव सांगेल. आणि ते समताला सांगेल. समताला ते ऐकून घ्यावं लागेल. मला यापलीकडे काही नको होतं, आणि हे मला फार हवं होतं.

ऑगस्टच्या शेवटी भित्तिपत्रकासाठी 'आपले शिक्षक' म्हणून मुलाखती झाल्या. पायल नावाची दहावीतली मुलगी माझ्याकडे आली. चुणचुणीत, अक्षर मोत्यांसारखं, माझ्या तासाला पहिल्या बाकावर. तिने विचारलं, मॅडम, आपलं बालपण? छंद? आदर्श विद्यार्थी कसा असावा? मी सांगितलं. छंद: वाचन, लेखन, मनन. मनन मी शेवटचं कधी केलं ते आठवत नव्हतं, पण तिसरा शब्द असला की वाक्य भरीव वाटतं. आदर्श विद्यार्थी: नम्र, नियमित, शुद्ध बोलणारा, सुवाच्य लिहिणारा. मुख्याध्यापकांनी छंद बागकाम सांगितला, म्हणजे शाळेत एक तुळस आहे आणि तिला शिपाई पाणी घालतो. खेळाच्या सरांनी आदर्श विद्यार्थी 'निर्व्यसनी' असावा असं सांगितलं, स्वतः टपरीकडून येता येता. समताने सांगितलं ते पायलने जसंच्या तसं लिहून लावलं: "आदर्श विद्यार्थी मले अजून भेटला नाही, अन् भेटूही नये. त्याले सगळंच येत असंल तर मी शाळेत येऊ कायले? मले फळ्यापाशी येऊन चुकणारं पोट्टं आवडते."

भित्तिपत्रक माझ्याकडे असतं. 'पोट्टं' मी खोडायला सांगितलं. मुख्याध्यापक शेजारून गेले, वाचलं, खदाखदा हसले आणि म्हणाले, "राहू द्या हो, मॅडम." ते राहिलं. दोन दिवस मधल्या सुट्टीत त्या कागदापुढे गर्दी होती. माझ्या मननापुढे कोणी थांबलं नाही.

त्याच आठवड्यात प्रेरणा माझ्या कपाटापुढे येऊन उभी राहिली. "आई, मले तुही ती चिंतामणी रंगाची साडी पाहिजे."

ती माझी सगळ्यांत आवडती साडी. चिखलीहून घेतलेली, मोजक्या वेळा नेसलेली. मी विचारलं, "शिक्षक दिनाला?"

"हाव."

"कोणाचं काम घेतलंस?"

"ते आधी सांगत नसतात."

ती लाजली. मला वाटलं लाजली. माझी साडी, माझ्या आवडीचा रंग, आणि कोणाचं ते सांगायचं नाही. आता यात समजायचं काय राहिलं होतं? मी साडीला इस्त्री करून आणली. ब्लाउज टाचून दिला. निऱ्या कशा घालायच्या ते आरशापुढे उभं करून दाखवलं. आठवीला कोणती कविता सोपी जाईल तेही न विचारता सांगितलं. ती ऐकत होती आणि खाली बघत होती. मी इतकी खूश होते की त्या दिवशी सासूबाईंनाही दोनदा चहा मिळाला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला राहवलं नाही. समता पेपर तपासत होती. मी सहज बोलावं तसं म्हटलं, "आमच्या प्रेरणाने माझी साडी मागून घेतली हो. या वर्षी माझं काम घरातच गेलं."

समताचा लाल पेन थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग म्हणाली, "चांगलं दिसंल तिले ती साडी, ताई." आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. ही बाई कधी बोलता बोलता थांबत नाही. आज थांबली. मला वाटलं, जळली. एवढ्या वर्षांत एकदा तरी जळली. त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यात गुणगुणत होते.

पाच तारखेला परिपाठ झाला. दहावीची पोरं ओळीने पुढे आली. प्रेरणा माझ्या साडीत आली, निऱ्या मी दाखवल्या तशाच घातलेल्या. केस वर बांधलेले. एका हातात डस्टर. चालली ती मात्र भराभर चालली. माईकपाशी आली, कानामागून खडू काढला आणि म्हणाली, "मी समता डोंगरदिवे. आज कोणाले गणित येत नसंल त्यानं पहिल्या बाकावर बसा."

सगळं पटांगण हसलं. टाळ्या वाजल्या. समता ओळीत माझ्या शेजारीच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. कोणाकडेच बघितलं नाही. माझी साडी त्या बाईच्या नावाने तिथे उभी होती, हे एवढंच दिसत होतं. थोबाडीत बसावी तसं झालं. मग पायल पुढे आली, गळ्यात माझ्यासारखी चष्म्याची साखळी अडकवून. "मी सुवर्णा लहाने." तिलाही टाळ्या पडल्या. जरा जास्तच पडल्या. मी म्हटलं, ठीक आहे, निदान या वर्षी हुशार पोरगी आली.

तासाची घंटा झाली. प्रेरणाचा तास आठवी 'अ'वर, पायलचा शेजारी आठवी 'ब'वर. मी 'अ'कडे वळले. का, ते मलाही सांगता आलं नसतं. दुखतं तिथेच हात जातो. मला वाटलं समताही येईल, आपलं कौतुक बघायला. पण ती 'ब'च्या दाराशी थांबली.

"तुम्ही नाही येत तुमचा तास बघायला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच आंबट लागला.

"मी मराठीले बसते, ताई. मले मराठीत कमीच मार्क राहायचे." ती आत गेली. मनात म्हटलं, घ्या, मोठेपणाही हिलाच.

प्रेरणा चांगलं शिकवत होती. चलन शिकवत होती, म्हणजे एक गोष्ट वाढली की दुसरी किती वाढते किंवा घटते ते. तिने पोरांना उठवलं आणि वर्गाच्या मध्ये सोयाबीनचं शेत केलं. चार पोरी कापायला, सोंगायला लावल्या. "चार बायायले सहा दिवस. अजून चार आल्या तर?" एक मुलगा म्हणाला, बारा. वर्ग हसला. प्रेरणाने हसणाऱ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. त्या मुलाला म्हणाली, "ये इकडे. तू शेतमालक. तुह्या वावरात दुप्पट बाया आल्या अन् काम अजून लांबलं? मजुरी देशील का यायले?" मुलाने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "नाही देणार. तीन दिवसांत व्हायले पाहिजे." मग ती फळ्याकडे वळली. गणिताची मला जन्माची भीती, पण ते व्यस्त चलन मला तिथे मागच्या बाकावर बसून समजलं. समताच्या बाजूला पोरं वाढली की माझ्या बाजूला घटतात. माझी मुलगी फळ्यापुढे उभी राहून मला हेच शिकवत होती.

तेवढ्यात शेजारून हशा आला. माझ्या तासातून. साधा नाही, सगळा वर्ग एकदम हसला असा. मग परत एकदा, आणखी मोठा. माझ्या तासाला एवढं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. पायल काय शिकवत होती कोण जाणे. माझं नाव लावून उभ्या राहिलेल्या त्या पोरीचाही मला क्षणभर हेवा वाटला. प्रेरणाचा हात फळ्यावर थांबला. तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तो हशा अर्ध्यात तुटला. कोणीतरी दार बंद करावं तसा. नंतर शेजारून काहीच आवाज आला नाही. प्रेरणाने पुढचं उदाहरण लिहिलं, तेही दोनदा चुकलं.

संध्याकाळी घरी आलो. सासूबाई देवळात गेल्या होत्या. प्रेरणा साडीची घडी घालत होती, मी भाजी चिरत होते. दिवसभर धरून ठेवलेलं तोंडातून सुटलं.

"मी काय घोडं मारलं होतं तुझं? साडी माझी, काम तिचं. सगळ्यांसमोर."

ती घडी घालत राहिली.

"बोल ना. तिचं शिकवणं आवडतं, मान्य. आई एक दिवस आवडली असती तर काय बिघडलं असतं? दरवर्षी माझं काम उरतं, माहीत आहे ना तुला? या वर्षी तू होतीस म्हणून..." माझा आवाज फाटला.

"आई," ती म्हणाली, "काम घेतलं की त्या मास्तराची नक्कल करा लागते."

"मग?"

"तुही नक्कल मले येत नाही असं नाही. सगळ्या वर्गाले येते." तिने साडी खाली ठेवली. "तू कविता वाचते अन् तुह्या डोळ्यांत पाणी येते ना, मंग तू पदर लावते अन् नाक ओढते अन् पुढची ओळ म्हणते. ते पोरं करून दाखवतात. मधल्या सुट्टीत. पायल तर लई भारी करते. म्हणून तर तिनं तुहं काम मागून घेतलं."

कविता शिकवताना माझे डोळे भरतात, हे खरं आहे. दर वर्षी त्याच ओळीला भरतात. तेव्हा वर्ग अगदी चिडीचूप असतो. मला वाटायचं, पोरांना भिडलं. घरी येऊन मी नवऱ्यालाही सांगायचे, आज पोरं हलली. खरं तर ती पोरं हसू दाबत होती.

"मले ते करायचं नव्हतं," प्रेरणा म्हणाली. "मी उभी राहून तुह्या साडीत तुले रडून दाखवू, अन् पोट्टे हसतील? मी मॅडमले म्हटलं, मले मराठीचं काम देऊ नका. पायल मागत होती, तिले देऊ नका म्हटलं तर मॅडम तरी कशा रोखणार? सगळ्या वर्गानं आधीच आपसांत टाळ्या वाजवून ठरवलं होतं."

"कोणत्या मॅडमला सांगितलंस?"

विचारायची गरजच नव्हती.

"म्हणजे समताला माहीत होतं. मी साडीचं सांगत होते तेव्हा तिला माहीत होतं."

"हो."

"तिला सांगता आलं. मला नाही."

"तुले कसं सांगू, आई?" ती आता रडत होती. "मॅडम म्हणे, या वर्षी चिठ्ठ्या राहू दे, तू गणिताचं काम घे, मी पायलच्या वर्गात जाऊन बसते. आज हसणं एकदम थांबलं ते ऐकलं ना तू? मॅडम उभ्या राहिल्या म्हणे. काही बोलल्या नाहीत. नुसत्या मागच्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या. पायलनं मंग पुस्तकातून वाचलं."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. घेतलंही, थोड्या वेळाने. पण आधी मनात काय आलं ते सांगते. पोरं मला हसतात याचं दुःख नंतर आलं. आधी आला तो जाळ, की माझी लाज झाकायला माझी पोरगी त्या बाईच्या दारात गेली. विहिरीचं सांगितलं नाही तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. समता डबा उघडत होती. मी सरळ विचारलं, "काल माझ्या तासाला काय झालं?"

"कायचं काय?" तिने मला खुर्ची ओढून दिली. "कविता शिकवली पायलनं. मस्त शिकवली. पोट्टे गुपचूप ऐकत होते."

"हसायचा आवाज आला."

"हं, तो! खिडकीतून सरडा पडला ना एका पोराच्या दप्तरावर. असा उडाला तो, बापा! सरडाही अन् पोरगाही."

आणि ती त्या सरड्याचं वर्णन करायला लागली. कसा पडला, कोण बाकावर चढलं, कोणी चप्पल फेकली, ती चप्पल कुठे लागली. डोळ्याची पापणी हलली नाही. प्रेरणाने मला सगळं सांगितलं आहे हे तिला माहीत नव्हतं. मी तिला थांबवलं नाही. एवढ्या वर्षांत समताचं काही मला इतकं बारकाईने ऐकावंसं वाटलं नव्हतं.

हे सगळं उलट झालं असतं तर? तिच्या नावाने वर्ग हसला असता आणि मागच्या बाकावर मी असते? मी उठून उभी राहिले नसते. मी ते हसू शेवटपर्यंत ऐकलं असतं, आणि पुढची घंटा व्हायच्या आत सगळ्या स्टाफरूमला, संध्याकाळी घरी, दुसऱ्या दिवशी बाजारात सांगितलं असतं. हे मला माहीत आहे. माझ्या शेजारी इतकी वर्षं डबा खाणाऱ्या समतालाही माहीत असणार. तरी ती जाऊन बसली होती.